काचेआडची काशाची वाटी

मित्रांनो, मी एक जुनी काशाची वाटी आहे. जुनी म्हणताच नाक मुरडू नका. माझा काठ जरा वाकडा आहे आणि बुडाला दोन पोचे आहेत, पण टिचकी मारून पाहा, नाद अजून खणखणीत निघतो. आकाराने मात्र मी थोराड आहे. हा थोराडपणाच पुढच्या सगळ्या गोंधळाचे मूळ झाला, म्हणून तो आधीच सांगून टाकते.

माझा जन्म छत्तीसगढ़मधल्या चांप्याचा. तिथे हिरालाल नावाच्या कसेराने, म्हणजे काशाच्या कारागिराने, तांबे आणि कथील वितळवून माझा गोळा केला आणि तो लालबुंद असतानाच ठोकून ठोकून मला आकार दिला. साच्यातल्या वाट्या सगळ्या एका मापाच्या निघतात. आम्हा हातघडणीच्या वाट्यांत दोघी सारख्या सापडतील तर शपथ! त्या दिवशी हिरालालच्या हाताला धातू जरा जास्त लागला असावा, कारण मी माझ्या बहिणींपेक्षा चांगलीच खोल झाले.

पांडुरंगराव तेव्हा चांपा स्टेशनावर पार्सल क्लार्क होते. मूळचे वर्ध्याकडचे, नुकतेच लग्न झालेले. बदली होऊन रायपूरला येताना त्यांनी मला रुमालात गुंडाळून आणले आणि बायकोच्या हातात ठेवले. तिचे नाव मंदाकिनी. तिने मला उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाली, "वाटी आहे का गंज आहे हा?" गंज म्हणजे मोठे पातेले. पण हसली. त्या दिवसापासून तिने दुसऱ्या वाटीने कधी काही मोजले नाही.

त्यांचे भाड्याचे घर एका जुन्या पाऱ्यात होते. पारा म्हणजे इथली वस्ती. मंदाकिनीबाईंना पाटवड्या येत, गोळाभात येई, पण इथल्या बाजारातली चेंच भाजी पाहून ती शिजवायची की गाईला घालायची हेच त्यांना कळेना. शेजारी सरिता राहायची. तिचा नवरा भैय्यालाल भनपुरीच्या एका राईस मिलमध्ये कामाला होता. सरिताने एका पावसाळ्यात बाईंना भाज्या शिकवल्या, तांदळाच्या पिठाचा वाफवलेला फरा शिकवला, चीला म्हणजे धिरडे शिकवले, आणि दिवाळीच्या तोंडावर अइरसा शिकवला. अइरसा म्हणजे आपल्या अनारशाचा इथला भाऊ. तांदळाचे पीठ आणि गूळ, बस. पण प्रमाण चुकले की तुपात सोडताच तो पसरतो, विरघळतो. बायका त्याला 'हसला' म्हणतात. ज्या घरात अनारसे हसतात त्या घरातली बाई त्या दिवशी हसत नाही.

सरिताला माप ठाऊक नव्हते. ती मुठीने घालायची. मग बाई काय करत? सरिताची मूठ परातीवर येण्याआधीच मला तिच्याखाली धरत. "थांब वं सरिता! हात थांबव. आता घाल." सरिता पोट धरून हसायची आणि म्हणायची, "हव दीदी, अब तुम मेरी मुट्ठी भी नापोगी!" अशा शेकडो मुठी मी झेलल्या. त्या माझ्यात मोजल्या गेल्या आणि बाईंच्या वहीत 'दोन वाट्या', 'पाऊण वाटी' होऊन उतरल्या. एका बाईच्या हाताचा अंदाज दुसऱ्या बाईला कागदावरून देता यावा, याचा त्या काळी आमच्या ओळखीत कुणी विचारही केला नव्हता.

एक गोष्ट मात्र माझ्यात कधीच आली नाही, ती म्हणजे गूळ. बाईंना त्याचे भारी वावडे. गूळ वाटीला चिकटतो, मग त्या वाटीत घेतलेले पीठ कडेला धरून बसते आणि माप खोटे पडते, असे त्यांचे म्हणणे. म्हणून गूळ दुकानातून पाव किलो आला की पुडी सरळ पातेल्यात रिकामी व्हायची. वहीतही तसेच लिहिलेले असे : पीठ दोन वाट्या, गूळ पाव किलो. ही ओळ लक्षात ठेवा.

पुढे बाई नागपूरच्या एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत लिहू लागल्या. वऱ्हाडातला स्वयंपाक आणि छत्तीसगढ़चा स्वयंपाक एकाच ओट्यावर कसा नांदतो, हे त्या लिहीत. प्रत्येक पाककृतीखाली ती शिकवणाऱ्या बाईचे नाव असे. 'शिकवणारी : सरिता' हे तर वाचकांना पाठच झाले होते. कुणी पत्र पाठवून काही विचारले की बाई उलट टपाली उत्तर देत. हातचे राखून सांगणाऱ्या बायकांचा त्यांना राग होता. "ज्यानं मले शिकवलं त्यानं लपवलं नाही, तं मी काहून लपवू?" असे त्या म्हणायच्या. मी पस्तीस-चाळीस वर्षे त्यांच्या हातात होते. चिंच आणि राखेने घासली जात होते, तांदळात बुडत होते, बेसनात लडबडत होते. मित्रांनो, वाटीला यापेक्षा जास्त सुख नसते.

मग छत्तीसगढ़ वेगळे राज्य झाले आणि आमचे रायपूर राजधानी झाले. एका रात्रीत सगळ्यांचे पाय जमिनीपासून चार बोटे वर गेले. रस्ते रुंद होऊ लागले, जिकडेतिकडे नव्या पाट्या लागल्या. पांडुरंगराव तोवर निवर्तले होते. मुलगा सुशील सरकारी कचेरीत वर चढला होता आणि त्याने शंकर नगरात फ्लॅट घेतला. पहिल्याच वर्षी शहरात पाककलेची एक मोठी स्पर्धा झाली. बाईंच्या अइरशाला पहिले बक्षीस मिळाले. मंचावर त्यांना गुपित विचारले तेव्हा त्यांनी पिशवीतून मला काढून उंच धरले. "गुपित कायचं? ही वाटी आहे, बस." दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो छापून आला. फोटोत बाई अर्ध्या दिसतात, मी पूर्ण दिसते.

सुशीलचा ऊर भरून आला. त्याने दिवाणखान्यात सागवानी शोकेस करून घेतली. त्यात बक्षिसाची ढाल ठेवली, शाल ठेवली, फोटो चौकटीत बसवून ठेवला, आणि मधोमध लाल मखमलीवर मला ठेवले. मग काच सरकवली आणि कुलूप लावले.

"आई, आता ही वाटी वापरायची नाही," तो म्हणाला. "घासून घासून झिजून जाईल. कुणी उचलून नेली तं? आता ही ऐतिहासिक वस्तू आहे."

बाई म्हणाल्या, "आन् मी मोजू कायनं?"

"अपर्णानं नवा स्टीलचा सेट आणला ना. सहा वाट्या आहेत त्यात."

अपर्णा म्हणजे सून. तिने लगेच एक चकचकीत वाटी आणून दिली. मुलाच्या चेहऱ्यावरचा आनंद बाईंना मोडवेना. त्यांनी ती वाटी घेतली आणि माझ्याकडे एकदा पाहिले.

खरे सांगते, पहिले आठ दिवस मी भाव खाल्ला. पाहुणे येत, माझ्याकडे बोट दाखवत. सुशील माझी गोष्ट रंगवून सांगे. मी मखमलीवर बसून समोर उघड्या स्वयंपाकघरात ती स्टीलची पोरगी राबताना पाही आणि मनात म्हणे, राब बाई राब. नवव्या दिवशी मला कंटाळा आला. महिन्याने जीव घुसमटू लागला. काचेच्या आत ना वाफ येते ना वास. फोडणीचा नुसता धूर दिसतो, चटका बसत नाही. धूळ मात्र कुठून येते कोण जाणे, ती बरोबर येते. मला कुणी भरत नव्हते आणि कुणी रिकामे करत नव्हते. सणासुदीला बाहेरून काच पुसली जायची. किल्ली सुशीलच्या जुडग्यात होती आणि जुडगा त्याच्या खिशात होता.

त्यानंतर दोन वर्षांनी बाईंच्या सगळ्या वह्यांचे पुस्तक करायचे ठरले. सुशीलनेच पुढाकार घेतला, धावपळ केली. छापखान्यातून विचारणा झाली की हल्लीच्या मुलींना वाटी कळत नाही, ग्रॅममध्ये सांगा. नेमके तेव्हा बाईंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले. डोळ्यांवर हिरवी पट्टी बांधून त्या आतल्या खोलीत पडून होत्या. सुशीलने स्टीलची वाटी घेतली, पिठाने भरली आणि छोट्या काट्यावर ठेवली. माझ्यापासून जेमतेम पाच पावलांवर! मी पाहत होते. तो मोठ्याने म्हणाला, "शंभर ग्रॅम. लिही क्षमा."

क्षमा म्हणजे त्याची मुलगी, तेव्हा सातवीत होती. तिने लिहिले आणि विचारले, "पापा, सब कटोरी सेम होती है क्या?"

"वाटी म्हणजे वाटीच ना बेटा," सुशील म्हणाला.

मी ओरडले असते. मित्रांनो, माझ्यात त्या स्टीलच्या दीड वाट्या मावतात. माझ्या दोन म्हणजे तिच्या तीन. पण आम्हा भांड्यांना कुणीतरी हात लावल्याशिवाय आवाज नसतो, आणि मला हात लावायला कुणी येऊ शकत नव्हते.

पुस्तक देखणे निघाले. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत छापले होते : एक वाटी म्हणजे शंभर ग्रॅम पीठ. बाईंनी भिंग लावून ते वाचले, पण ग्रॅम त्यांनी आयुष्यात मोजले नव्हते. त्यांना त्यात काही खटकले नाही. पूर्वी पुरवणी वाचून करणाऱ्या बायकांकडे जुन्या मोठ्या वाट्या होत्या आणि उरलेली कसर त्या हाताच्या अंदाजाने भरून काढत, म्हणून कधी तक्रार आली नव्हती. आता घरोघरी स्टीलचे सेट होते, आणि वर छापील आकडा होता.

दिवाळी आली आणि फोन सुरू झाले. दुर्गहून, बिलासपूरहून, इथल्याच चौबे कॉलोनीतून. अइरसे हसले. परत केले, परत हसले. पीठ कमी आणि गूळ तितकाच, मग दुसरे काय होणार? बाईंनी सगळ्यांना धीराने विचारले. तांदूळ तीन दिवस भिजवले होते का? तूप जास्त तापले का? सगळे बरोबर होते. मग आणखी एक फोन आला. फोन ठेवून त्या सोफ्यावर बसल्या आणि अपर्णाला म्हणाल्या, "म्हणते, काकू, तुम्ही एक वस्तू लिहिलीच नाही. हातची राखली म्हणते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः करून पाहायचे ठरवले. पुस्तक उघडे ठेवले, चष्मा लावला, स्टीलची वाटी घेतली. एक वाटी घातली. दुसरी घातली. आणि मग, मी डोळ्यांत तेल घालून पाहत होते, त्यांचा हात आपला आपण पुन्हा डब्यात गेला आणि तिसरी वाटी परातीत आली. चाळीस वर्षांच्या हाताला परातीत केवढा ढीग हवा ते ठाऊक होते. बाईंना त्या तिसऱ्या वाटीचा पत्ताही लागला नाही. बाई, मोजा! मी आतल्या आत म्हणत राहिले. बाई, तिसरी होती ती! अइरसे सुरेख झाले, जाळीदार, एकही हसला नाही. त्याने तर जास्तच पंचाईत झाली. लोक म्हणाले, बघा, स्वतःचे बरोबर होतात!

यापुढचे मला सांगवत नाही, पण सांगते. हळदीकुंकवाला आलेल्या एका बाईने चहा पिता पिता तोडगा काढला. "मंदाकाकू नाही लपवणार. त्या सरितानंच त्याइले अर्धं सांगतलं असन. ते लोक कुठं आपल्याले पूर्ण सांगून राहिले?" बाकीच्यांनी माना हलवल्या. पाककृतीखाली नाव होतेच, 'शिकवणारी : सरिता'. मानाने लिहिलेले ते नाव आता बोट दाखवायच्या कामाला आले. बाईंनी हातातली कुंकवाची कुयरी खाली ठेवली. त्या म्हणाल्या, "सरितानं काही लपवलं नाही," पण पुढे काय चुकले ते त्यांना सांगता येईना, आणि पुराव्यावाचून बोललेले कुणाला पटत नाही.

त्यानंतर बाईंनी लिहिणे बंद केले. स्वयंपाकघरात जाणेही कमी केले. त्या माझ्यासमोरच्या सोफ्यावर बसून राहत आणि उरलेल्या पुस्तकांच्या गठ्ठ्याकडे पाहत. मी कुलपात होते. त्यांना कुणी कुलूप लावले नव्हते, तरी त्या सुटू शकत नव्हत्या. आम्ही दोघी एकमेकींसमोर, मधे एक काच. उत्तर माझ्या पोटात होते आणि त्या माझ्याकडे रोज पाहत होत्या. इतकी चीड मला आयुष्यात कधी आली नाही.

मग एका सकाळी सरिता आली. भैय्यालालने भनपुरीला घर बांधले होते, तेव्हापासून भेटी कमी झाल्या होत्या. केस पांढरे झाले होते, पण चाल तीच. बोलणे तिच्याही कानावर गेले होते. तिने चहा घेतला नाही.

"दीदी, मैंने तुमसे कुछ छुपाया था क्या? तुम्हीं बता दो।"

बाईंना रडू आले. "नाही वं. मले माहीत आहे ना. पण चुकलं कुठं तेच समजून नाही राहिलं."

सरिताने पदराने डोळे पुसले आणि इकडेतिकडे पाहिले. तिची नजर माझ्यावर आली. ती उठून काचेपाशी आली, अगदी जवळ. तिचा श्वास काचेवर उमटला.

"ए दाई! ये तो वही कटोरी है। इसको काहे जेल में डाल दिए हो?" आणि मग तिने सहज विचारले, "तो अब नापते किससे हो, दीदी?"

बाई हळूहळू उठल्या. स्वयंपाकघरातून स्टीलची वाटी घेऊन आल्या आणि काचेवर माझ्यासमोर धरली. ती माझ्यापुढे बाळवाटीसारखी दिसत होती. मी पाहिले, बाईंच्या चेहऱ्यावरचा रंग आधी उडाला आणि मग परत आला.

"अपर्णा, किल्ली दे."

"किल्ली त्यांच्याजवळ आहे, आई. संध्याकाळी येतील. फोन करू का?"

"मले आताच पाहिजे."

त्या आत गेल्या आणि खलबत्त्याचा बत्ता घेऊन आल्या. अपर्णा "आई, आई" म्हणेपर्यंत काच फुटली. पंधरा पावसाळे पाहिलेला बत्ता होता तो, त्याला काच म्हणजे काय! ढाल घरंगळून खाली पडली, कुणी उचलली नाही. बाईंनी काचेच्या दातांमधून जपून हात घातला आणि मला बाहेर काढले. त्यांचे बोट माझ्या काठाला लागले आणि मी वाजले. कितीतरी दिवसांनी मी माझा आवाज ऐकला.

त्यांनी मला नळाखाली काठोकाठ भरले आणि ते पाणी स्टीलच्या वाटीत ओतले. ती भरली. त्यांनी ती रिकामी केली आणि माझ्यातले उरलेले ओतले. ती अर्धी झाली. तिघी त्या अर्ध्या वाटीकडे पाहत उभ्या राहिल्या. मग सरिता हसू लागली, आणि हसता हसता तिने बाईंना मिठी मारली.

संध्याकाळी सुशील आला तो दारातच थबकला. "आई, किल्ली माझ्याजवळ होती ना. एक फोन केला असता."

"माह्याच वाटीसाठी तुले फोन करू काय?" बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यांनी त्याच्यासमोर पुन्हा पाणी ओतून दाखवले. मग सुशीलने स्वतः काचा गोळा केल्या.

एक चिठ्ठी छापली गेली. ती उरलेल्या पुस्तकांत डकवली आणि गेलेल्या पुस्तकांमागे टपालाने धाडली. तिच्यात लिहिले होते : 'माझी वाटी मोठी होती, हे मी सांगायला विसरले. चूक माझी आहे. सरिताने मला सगळे सांगितले होते. ज्यांना शंका असेल त्यांनी आपली वाटी घेऊन घरी यावे आणि जुळवून न्यावी.'

आणि मित्रांनो, बायका खरेच आल्या. कुणी वाटी आणली, कुणी पेला, कुणी चहाचा कप. बाई मला पाण्याने भरत, ते पाणी त्यांच्या भांड्यात ओतत, भांडे लहान असेल तर ते भरून रिकामे करत आणि उरलेले पाणी ओतत, आणि क्षमा कर्कटकाच्या टोकाने पाण्याच्या रेषेवर एक ओरखडा काढी. एकदा कुणीतरी भलेमोठे वाडगे आणले, तेव्हा ती ओरडली, "आजी, ये वाली तो आपकी से भी बड़ी है!" हळदीकुंकवाला बोललेली ती बाईही आली. बाईंनी तिला आधी सरिताशेजारी बसवले आणि मग तिची वाटी हातात घेतली. राजधानीत आज किती घरांत माझ्या मापाचा ओरखडा असेल, मी मोजलेले नाही. मोजणे माझे काम असूनही!

राज्याला दहा वर्षे झाली त्या वर्षी बाई गेल्या. तेरावा झाला. सुशीलने त्यांचा मोठा फोटो शोकेसमध्ये ठेवला, हार घातला, आणि मला मखमलीवर फोटोपुढे ठेवले. शोकेसला तोवर काच नव्हतीच. त्याने काचवाल्याला बोलावले. काचवाला माप घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी नवी काच कागदात गुंडाळून घेऊन आला. मला वाटले, झाले. आता मला भरणारा हातही उरला नाही. माझी मखमल, माझी धूळ, आणि मी. काचवाल्याने खाचा पुसल्या आणि काच उचलली.

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. भिलाईहून एक तरुण मुलगी आली होती. हातात पिशवी, पिशवीत वाटी. बाई गेल्याचे तिला ठाऊक नव्हते. कळले तेव्हा ती ओशाळली आणि "माफ करना" म्हणत मागे वळली.

"थांबा," सुशील म्हणाला. त्याने फोटोपुढून मला उचलले आणि नळाखाली धरले. थोडे पाणी सांडले, म्हणून त्याने मला पुन्हा भरले. अगदी काठोकाठ, आई भरायची तसे. त्याने ते पाणी मुलीच्या वाटीत ओतले आणि क्षमाला हाक मारली, "कर्कटक आण बेटा."

मग तो काचवाल्याकडे वळून म्हणाला, "काच रहने दो, भैया. कटोरी निकालनी पड़ती है।"

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणाच्या तरी हातात अशी एक वाटी असेल, पेला असेल, डब्याचे झाकण असेल. तिच्यावर प्रेम असेल तर तिला कुलपात ठेवू नका. तिने मोजा. आणि आजच तिच्यात पाणी भरून किती मावते ते पाहा, लिहून ठेवा, म्हणजे ज्यांनी तुम्हाला शिकवले त्यांच्यावर उद्या कुणी बोट ठेवणार नाही. ती ज्यांच्या हातात आहे ते आपल्यात आहेत, तोवर त्यांच्याच हातून भरून घ्या.

माझ्यात आत्ता तांदूळ आहेत. क्षमा भिजवते आहे.